छातीचा फोटो आणि घागरभर पाणी

मस्कतच्या इस्पितळात माझी निवड झाल्याचं पत्र आलं आणि मला हसण्याचा आजारच जडला. तेव्हा मी लातूरला नर्स होते. वॉर्डात थर्मामीटर झटकताना हसायचे, बेडपॅन उचलताना हसायचे. एकदा एक म्हातारे आजोबा दंड मागे घेत म्हणाले, "सिस्टर, सुई टोचताना तरी हसू नगा. भ्या वाटतंय." त्यावर मला आणखी हसू आलं. शेवटी त्यांचं इंजेक्शन दुसऱ्या सिस्टरनं दिलं.

पण नुसत्या पत्रावर कोणी विमानात बसवत नाही. मुंबईच्या एजंटानं कागदांची ही एवढी यादी पाठवली होती आणि महिनाअखेरपर्यंत सगळे कागद पोचले नाहीत तर जागा पुढच्या मुलीला, असं खाली लिहून त्याखाली रेघ ओढली होती. त्या रेघेनं माझी झोप उडवली. नांदेडला मी नर्सिंग शिकले, तिथून दाखला आणला. जाताजाता गोदावरीकाठच्या त्या शहरात मैत्रिणीकडे डोक्यावरून आंघोळ करून घेतली, कारण लातुरात तेव्हा तांब्यातांब्यानं दिवस निघत होता. दुष्काळ होता आणि जिल्हा नवा होता, उस्मानाबादेतून नुकताच वेगळा झालेला. "आधी जिल्हा आला, आता पानी बी येईल," असं माझे वडील म्हणायचे. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. औशाला त्यांचं भुसाराचं दुकान.

नव्या जिल्ह्यानं माझा एक कागद अडवलाच. शाळेच्या दाखल्यावर औसा, जिल्हा उस्मानाबाद. रहिवासाच्या दाखल्यावर औसा, जिल्हा लातूर. ही दोन वेगळी गावं आहेत काय, असं मुंबईहून विचारणं आलं. मी नव्या कोऱ्या कचेरीत गेले. भिंतींना रंगाचा वास, आणि उस्मानाबादेहून आलेले दप्तराचे रुमालात बांधलेले गठ्ठे अजून जमिनीवरच.

"मी कुठंच हलले नाही हो साहेब, जिल्हाच हलला," मी म्हणाले.

"ते खरं हाय सिस्टर. पण जिल्हा हलल्याचा नमुना आमच्याकडं अजून आलेला न्हाई."

मी तिथंही हसले. बहुतेक त्यामुळंच त्यांनी 'पूर्वीचा जिल्हा' आणि 'हल्लीचा जिल्हा' असं हातानं लिहून दिलं. शिक्का इतका नवा होता की त्यांनी हौसेनं तो तीन ठिकाणी मारला.

आता एकच कागद उरला, छातीचा फोटो आणि त्यावर डॉक्टरांचा शेरा.

इथं आप्पांची अट सांगायला हवी. आम्ही लिंगायत. लहानपणी गळ्यात इष्टलिंग बांधतात, ते चांदीच्या डबीत दोऱ्याला असतं आणि जन्मभर अंगावरून उतरवायचं नसतं. रोज आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, मग अन्न. आप्पांनी मला परदेशी जायला हसत परवानगी दिली होती, आई, म्हणजे आमची अव्वा, रडली तरी दिली होती. फक्त एवढंच म्हणाले, "समुद्र वलांड, खुशाल वलांड. पन लिंग अंगावरनं उतरायचं न्हाई." मी त्यांच्या पायाला हात लावून शब्द दिला. शब्द द्यायला काय जातं, असं तेव्हा वाटलं.

लातुरातल्या एक्स-रेवाल्या चाचांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मशीन हाय, फिल्म हाय, पानी तुमचं तुम्ही आना." फोटो धुवायला पाणी लागतं आणि त्यांचा हौद कोरडा. म्हणून आप्पा औशाहून एसटीनं घागर घेऊन आले. तोंडाला फडकं बांधलेली घागर मांडीवर घेऊन बसलेले. कंडक्टर म्हणाला म्हणे, "आप्पा, हिचं अर्धं तिकीट काढा की." आप्पांना ते सांगताना स्वतःलाच हसू आवरेना. हसण्याचा माझा आजार कुठून आला ते कळलं असेलच.

चाचांनी विचारलं, "सिस्टर, गळ्यातलं काढलं का?" मी साखळी काढून आप्पांच्या हातात दिली, कानातलं काढलं, बांगड्यासुद्धा काढल्या आणि म्हणाले, "काढलं." शेकडो पेशंटांना मी स्वतः हे विचारलेलं. ताईत काढा, मंगळसूत्र काढा. पण लिंग म्हणजे 'गळ्यातलं' हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. ते हाताच्या बोटासारखं अंगाचंच. बोटं काढून ठेवा असं कोणी म्हणतं का? श्वास रोखला, फोटो निघाला, वाळायला टांगला. रात्री आप्पा माझ्याच खोलीवर राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या आम्ही फोटो घेऊन डॉक्टरांकडे गेलो, कारण दुपारी पोस्टातली रजिस्टरची खिडकी बंद व्हायच्या आत पाकीट टाकायचं होतं. डॉक्टर तरुण, कोकणातून नुकतेच आलेले. फोटो खिडकीशी धरला, खाली घेतला, पुन्हा धरला.

"खोकला आहे? वजन घटलंय अलीकडे?"

मी पुढं होऊन बघितलं. छातीच्या मधोमध अंड्याएवढा पांढरा गोळा. मी नर्स आहे, असे डाग पाहिलेत आणि त्यांचं पुढं काय होतं तेही. मस्कत, विमान, सगळं त्या पांढऱ्या डागात बुडालं. मग त्या गोळ्याच्या डोक्यावर मला एक बारीक कडी दिसली.

गाठीला कडी कुठून येईल? मी अशी हसत सुटले की डॉक्टरांनी कंपाउंडरला पाणी आणायला सांगितलं आणि कंपाउंडर पाणी नाही म्हणाला. डबी बाहेर काढून दाखवली तेव्हा डॉक्टरही हसले. हसले, पण शेरा लिहीनात. "हिच्यामागचं मला दिसत नाही. हे काढून दुसरा फोटो आणा, लगेच लिहून देतो."

बाहेर आल्यावर मी आप्पांकडे बघितलं. ते आधीच मान हलवत होते.

"न्हाई."

"आप्पा, मिनिटभराचं काम आहे."

"शब्द मिनिटाचा नसतो."

मी मुलखाची भांडकुदळ. भर रस्त्यात आवाज चढवला. म्हणाले, मग घाला सगळे कागद चुलीत, माझ्या जागी ती पुढची मुलगी जाऊ दे! खरं तर चाचांच्या अंधाऱ्या खोलीत मी काय काढलं नि काय ठेवलं हे त्यांना कळलंही नसतं. पण खोटं बोलायला गेले की मला हसू फुटतं, आणि त्यांच्याशी खोटं बोलून मिळालेलं मस्कत मला नको होतं. तेवढी मी त्यांचीच मुलगी होते. मला रडू यायला लागलं.

जरा वेळानं आप्पा म्हणाले, "फोटू काढताना हात कुठं असतेत?"

मी डोळे पुसत रस्त्यातच उभी राहून दाखवलं. हात कमरेवर उलटे, कोपरं पुढं. पानाच्या टपरीवरची माणसं बघायला लागली.

"हात फोटूत येतेत का?"

"नाही."

"मंग घे की तळहातावर. रोज पूजेला घेतावच की आपन. अंगावरच र्‍हातंय ते."

मी टपरीवाल्यांसमोर एक गिरकी घेतली. मग थांबले. पाणी?

माझ्या खोलीवर एकच भरलेली घागर होती. आप्पांच्या आंघोळीला म्हणून अव्वानं बजावलं होतं आणि मी राखून ठेवली होती. सकाळच्या घाईत त्यांची आंघोळ राहिली होती. आंघोळ नाही तर पूजा नाही, पूजा नाही तर घोटभर चहासुद्धा नाही, हा त्यांचा नेम. दुष्काळातही त्यांनी तो मोडला नव्हता. आप्पांनी घागर खांद्यावर घेतली आणि चालायला लागले.

"आप्पा, तुमची आंघोळ?"

"मस्कतात कर जा माझ्या वाटची."

"तिथं वाळवंट आहे हो!"

"असू दे. आपल्याला काय नवं हाय?"

चाचांच्या खोलीत मी डावी मूठ कमरेवर टेकून उभी राहिले. मुठीत डबी घट्ट, गळ्यातला दोरा मनगटाला गुंडाळलेला. दाराबाहेर आप्पा रिकामी घागर धरून उभे. चाचांनी फोटो फुंकून, पंख्याखाली धरून वाळवला. डॉक्टरांनी शेरा लिहिला. खिडकी बंद होता होता पाकीट आत गेलं. औशाला पोचून आंघोळ होईपर्यंत आप्पा निर्जळी होते. त्यांनी ते मला कधी सांगितलं नाही, अव्वानं सांगितलं.

तो फुकट गेलेला पहिला फोटो त्यांनी माझ्याकडून मागून घेतला होता. कशाला, ते मी विचारलं नाही. मस्कतहून पहिल्यांदा रजेवर आले तेव्हा कळलं. न कळवताच आले होते. पाऊस चांगला झाला होता, औशाच्या रस्त्याला चिखल होता. दुकानाशी पोचले तर आप्पा दाराकडं पाठ करून तो फोटो उजेडात धरून उभे, आणि देवणीकडचा एक गिऱ्हाईक माणूस मान वाकडी करून बघतोय.

"ही माझी लेक. मस्कतला नर्स हाय. आन हे बगा लिंग. अंगावरनं उतरलं न्हाई."

"सगळी हाडंच दिसाय लागलीत की हो," तो माणूस म्हणाला. "पोरगी दिसती कशी पन?"

मला हसू आवरलं नाही. त्या आवाजानं आप्पा वळले. फोटो हातात तसाच. माझ्याकडं बघत राहिले, मग त्या माणसाला म्हणाले, "अशी."

आणि लगेच त्यांनी मागच्या दारातून घरात हाक दिली, "अगं, पोरगी आली! आंघोळीला पानी काढ तिला. घागरभर न्हाई, घंगाळभर काढ!"