मग भूत कोण करणार?

माझ्या भावाला चांगली नोकरी आहे, राहायला स्वतःचं घर आहे, दोन वेळचं गरम जेवण मी करून वाढते. तरी रविवार उजाडला की हा माणूस माझ्या तोंडाला पावडर फासतो आणि म्हणतो, "अक्का, स्वल्प मान वाकडी कर." साठी उलटलेल्या बाईला! विमा कचेरीत आयुष्य काढलं मी. ताठ मानेने रिटायर झाले. आता यशवंतपूरच्या आमच्या गल्लीतली कानडी पोरं मला काय म्हणतात? देव्वद अज्जी. भुताची आजी! आणि हा ऐकून हसतो.

याचं नाव हयवदन. पन्नाशी कधीच ओलांडली. होसकोट्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे, नट-बोल्ट सांभाळतो. लग्न केलं नाही. मी विचारून विचारून दमले, शेवटी नाद सोडला. माझे यजमान गेल्यावर मी याच्याकडे राहायला आले. म्हटलं, दोघं म्हातारी एकमेकांच्या आधाराने राहू, सकाळी विष्णुसहस्रनाम, संध्याकाळी भाजी आणायला जाऊ. कुठलं काय! हा सिनेमे काढतो. तेही भुताचे. पगारातून जे उरेल त्यात.

आता तुम्ही म्हणाल, हौस आहे, करू दे. अहो, एकदा बघा तरी ते सिनेमे! स्मशानातला सीन आमच्याच टेरेसवर काढलाय, त्यात मागे शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी. घनदाट अरण्यात नायक घाबरून उभा, आणि वरून मेट्रो गेल्याचा आवाज. विहीर म्हणजे पाण्याचा निळा ड्रम, त्याला राखाडी रंग दिलेला, तोही एका बाजूनेच, कारण रंग संपला. भुताचे केस म्हणजे चिकपेटेच्या बाजारातून आणलेला विग. ते धुतले की आखडतात, म्हणून प्रत्येक सिनेमात माझे केस आधीच्यापेक्षा आखूड. आणि रक्त? हळदीत चुना कालवून आपण ओवाळायचं लाल पाणी करतो ना, ते. नव्या नवरीवरून ओवाळायचं पाणी हा मुडद्याच्या गळ्याला फासतो! मी म्हटलं, अरे मेल्या, शुभ-अशुभ काही आहे की नाही? तर म्हणतो, "अक्का, रंग बघ की किती छान आलाय."

एक मात्र खरं सांगते, त्याच्या तोंडावर कधी सांगितलं नाही. कधी कधी याला जमतं. मागच्या सिनेमात पैसे नव्हते म्हणून भूतच दाखवलं नाही. अंधारं स्वयंपाकघर, आणि त्यात स्टीलचा एक लोटा हळूहळू गडगडत येतो. बस. लोटा मीच ढकलला होता, दोरी माझ्याच हातात होती. तरी पडद्यावर बघताना माझ्या अंगावर काटा आला. त्या रात्री मी लोटा आत कपाटात ठेवला. पण हे त्याला सांगायचं कशाला? आधीच हरभऱ्याच्या झाडावर बसलाय.

याचा कॅमेरेवाला शिवकुमार. एरवी लग्नाचे व्हिडिओ काढतो. त्याला एक खोड आहे, लग्नांमधूनच लागलेली. कॅमेरा म्हणून बंद करत नाही. सीन संपला तरी चालू. तो म्हणतो, "अक्का, लग्नात कॅमेरा बंद केला रे केला की नेमकी तेव्हाच नवरीची आई रडते. मग पार्टी माझा जीव खाते." ही खोड लक्षात ठेवा. पुढे तिनेच घात केला.

यंदाची गोष्ट अशी होती. बहीण विहिरीवर जाते आणि परत येत नाही, भावाला निरोप येतो, पुढे ती भूत होऊन घरात फिरते. बहीण मी. भाऊ हाच, कारण दुसरा नट फुकटात मिळेना. सगळं निभावलं, पण निरोप येतो तो सीन काही होईना. याला रडता येत नाही हो! कांदा कापला, डोळ्यांखाली विक्स लावलं, काय काय केलं. भुवया वर जातात, तोंड वाकडं होतं, आणि बघणाऱ्याला वाटतं याचं पोट बिघडलंय. कितीतरी रविवार त्या एका सीनवर फुकट गेले.

अशाच एका रविवारी तो आणि शिवकुमार होसकोट्याला गेले होते. तिथे कारखान्याच्या मागे एक रिकामी शेड आहे, मालक सुट्टीच्या दिवशी वापरू देतो. माझं काम नव्हतं. मी टेरेसवर सांडगे घालत होते. एक कावळा मघापासून भिरभिरत होता, मी हाड् हाड् करत होते. तो गेला आणि मागून येऊन माझ्या डोक्यावर पाय रोवून उडाला.

वरच्या मजल्यावर आमची मावशी राहते, आईची धाकटी बहीण. ऐंशीच्या पुढची, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. तिने हे पाहिलं आणि छाती पिटली. "अय्यो पद्मा! डोक्याला कावळा लागला! खोटा निरोप धाडायला पाहिजे!"

आमच्यात ही जुनी रीत आहे. कावळा डोक्याला लागला की माणसाचं मरण जवळ आलं म्हणतात. ते टाळायचं तर त्याच्या रक्ताच्या माणसाला कळवायचं, तो माणूस गेला म्हणून. त्याने अश्रू गाळले की झालं, मरण रडण्यावर भागवून परत जातं. मग लगेच खरं सांगून टाकायचं. माझा यावर विश्वास आहे का? शिकलेली बाई आहे मी. पण खरं सांगू का, मनात आलं, बघू तरी. माझ्या मागे माझ्यासाठी रडणारं आहे कोण? मूल नाही, यजमान गेले. उरलाय तो हा एक.

म्हणून मी गप्प बसले. डोक्यावरून पाणी घेतलं, आणि ओल्या केसांनी मावशीशेजारी बसले. तिने फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि काय आवाज काढला म्हणून सांगू! सिनेमात हिलाच घ्यायला हवं होतं.

"हयवदना! पद्मा गेली रे! टेरेसवर पडली, गेली!"

तिकडून माझ्या भावाचा आवाज आला, अगदी साधा, भाजी काय आणू विचारावं तसा.

"मग भूत कोण करणार?"

आणि फोन बंद.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने तिने परत फोन करून खरं सांगितलं, कावळ्याचं वगैरे. तो "सरी" म्हणाला. बरं, एवढंच! संध्याकाळी नेहमीच्या वेळेला घरी आला, हातपाय धुतले, पानावर बसला. मी भातावर सारू वाढताना विचारलं, "रडलास का रे?"

खाली मान घालून म्हणाला, "शूटिंग चालू होतं."

काय वाटलं असेल मला? तळपायाची आग मस्तकात गेली. याच्या मुंजीला माझ्या बांगड्या मोडल्या. आई गेली तेव्हा याला पोटाशी धरून बसले. आणि मी मेले तर याला चिंता कसली, तर भुताची! म्हणजे मी याची कोण? विग घालायचा खुंटा? मावशी वर आणखी मीठ चोळायला, "अश्रू पडले नाहीत गं पद्मा. अरिष्ट तसंच राहिलं." मी म्हटलं, राहू दे. आलं तर आलं.

दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, "तुझं भूत तू बघ. मी आता पावडर लावणार नाही." त्याने समजूत तरी काढायची! नाही. नुसता उभा राहिला दारात, नि कामावर गेला. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे "ताट घे" आणि "किल्ली ठेवली" एवढंच.

भुताचे राहिलेले सीन शिवकुमारने साडी नेसून केले, हे मला मावशीकडून कळलं.

मग एका हौशी मंडळाने आपल्या सभागृहात नवख्यांचे सिनेमे दाखवायचे ठरवले, भर दुपारी. याचा सिनेमा निवडला. सकाळी माझ्या कॉफीच्या पेल्याखाली पास ठेवलेला. तोंडाने बोलायची सोय नाही. मी जाणार नव्हते. पण म्हटलं, लोक हसतील ना, ते एकदा डोळ्यांनी बघू दे. होय, वाईटपणानेच गेले. मावशीलाही घेतलं.

आणि हसले लोक! पोट धरधरून हसले. अर्धा सिनेमा भूत माझ्या उंचीचं, अर्धा सिनेमा माझ्याहून हातभर उंच. दंडावर केस, मनगटात घड्याळ. ते भूत हात पुढे करून नायकाच्या गळ्याकडे येतं आणि मागून कुणीतरी ओरडतं, "टायम् एष्टु, अक्का?" किती वाजले म्हणे! सगळं सभागृह फुटलं. मीही हसले. मावशी माझ्या दंडाला चिमटे काढत होती. मागे वळून पाहिलं तर हयवदन दाराशी उभा, चेहरा उतरलेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मागची हकिगत सुरू झाली, बहीण कशी गेली ती. पडद्यावर होसकोट्याची शेड. माझा भाऊ उभा आहे, कानाला फोन. वरून संगीत घातलं होतं, बोलणं ऐकू येत नव्हतं. पण या माणसाचे ओठ मी तो दूध पीत होता तेव्हापासून ओळखते. ओठ हलले. मग भूत कोण करणार.

माझं हसू तिथेच थांबलं. हा तोच फोन होता. शिवकुमारने कॅमेरा बंद केला नव्हता.

पडद्यावर त्याने फोन खिशात टाकला. तो खिशात गेला नाही, खाली पडला. याने पाहिलंसुद्धा नाही. बाजूच्या खुर्चीवर माझा विग होता, तो उचलला आणि बोटांनी गुंता सोडवायला लागला. सावकाश, एक एक बट. मग माझी भुताची साडी घेतली, तिची चौपदरी घडी घातली, हात फिरवून सुरकुत्या काढल्या. मग चपला शोधायला लागला. खुर्चीखाली बघितलं, ड्रमच्या मागे बघितलं, पत्र्याचा दरवाजा ओढून बघितलं. चपला पायातच होत्या. लोक पुन्हा हसले. तो शोधतच होता. परत खुर्चीखाली, परत ड्रमच्या मागे. हसणं हळूहळू विरलं. शेवटी तो त्या ड्रमला टेकून जमिनीवर बसला, घडी घातलेली साडी तोंडात कोंबली, आणि असा ओरडला...

माझ्या लग्नात, माझी पाठवणी होताना, हा पोरगा असाच ओरडला होता. वऱ्हाडाच्या बसमागे धावत. त्यानंतर तो आवाज मी ऐकला नव्हता.

पुढच्या रांगेतली एक मुलगी तोंडावर हात ठेवून बसली होती. मावशी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "पडले गं अश्रू. टळलं अरिष्ट." माझे डोळे केव्हाच वाहत होते. मी उठले, लोकांचे पाय तुडवत बाहेर आले.

हा बाहेर पायरीवर बसला होता, पाठमोरा.

"तो सीन घातलास सिनेमात?" मी ओरडले. "माझ्या मरणाचं सामान केलंस होय रे?"

"शिवकुमारने घातला. मी म्हटलं काढ. तो म्हणाला, सर, अख्ख्या सिनेमात एवढंच खरं आहे." मान वर न करता म्हणाला, "मी बघितला नाही अजून. बघवत नाही."

"आणि मी विचारलं तेव्हा तोंडात काय मूग गिळले होतेस? एवढे दिवस मी आत जळतेय!"

"काय सांगू? तू समोर उभी राहून सारू वाढत होतीस. मला तेवढंच पाहिजे होतं."

मी त्याच्या शेजारी बसले. गुडघे कुरकुरले. "मग ते भुताचं का बोललास मुडद्या? माझं काळीज फाटलं."

"सकाळपासून डोक्यात तेच होतं, अक्का. तुझे सीन राहिलेत, पावडर संपलीय. मावशी बोलली आणि तेच तोंडातून बाहेर पडलं. दुसरं काही उरलंच नव्हतं डोक्यात."

आतून पुन्हा हसण्याचा मोठा आवाज आला. शिवकुमारचं भूत आलं असणार. याने कान टवकारले, खांदे पाडले.

"घड्याळ तरी काढायला सांगायचं त्याला," मी म्हटलं. "आणि पुढच्या वेळी पावडर चांगली आण, आधीचीने मला पुरळ येतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी सरळ पाहिलं. मग पुन्हा खाली बघून चपलेचा अंगठा चाचपत राहिला.

"अक्का, एक ऐकशील?"

"काय?"

"खरंच कधी काही झालं ना, तर मावशीला फोन करू देऊ नकोस. तूच कर."

"मी मेल्यावर मीच फोन करू?"

"हां."

काय बोलायचं या माणसाला? मी पदराने डोळे पुसले.

"सरी," मी म्हटलं. "करीन."