दादाने सोडलेली जागा

माझा दादा आज कार्गोमधून घरी गेला.

जुबैलच्या कॅम्पमध्ये झोपेतच हार्ट अटॅक आला. पाइप फिटर होता. कागदपत्रं झाली, खलास, दम्मामहून विमान सुटलं. आम्ही गाडीने रियाधला परत निघालो.

गुहागरकडच्या आमच्या गावी दादा गणपतीतल्या जाखडी नाचाचा गाणारा. आमच्या आबांनी रचलेली गाणी त्याला तोंडपाठ. पण गणपतीत सुट्टी मिळेल तर शपथ! आणि कॅम्पमध्ये कोणापुढे गायचा नाही. "आपली गावठी गाणी गो. लोक हसतील."

माझी लेक ईरा कोरियन पॉपची वेडी. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्लिशमध्ये.

ईदच्या सुट्टीत दादा आमच्याकडे आला, तेव्हा तिने त्याला एक व्हिडिओ दाखवला. केस रंगवलेली पोरं, लेझर लाइट्स आणि मध्येच ढोल.

दादा उडालाच. "अगो, ह्ये गाणं तर आमचा कोरियन फोरमन कामावर गुणगुणतो!"

"येस मामा, फोक साँग आहे. व्हेरी ओल्ड. एक जण गातो, बाकीचे आन्सर देतात."

"म्हंजे झील! आपल्यासारखीच." मग स्क्रीनजवळ वाकून, "नि ही पोरां लाजत नाय?"

"व्हाय शुड दे? इट्स देअर्स."

दादा उठला. पायात बांधायला घुंगरांचा चाळ नव्हता, म्हणून आमच्या घराच्या चाव्यांचा जुडगा नाडीने घोट्याला बांधला.

"कर गो रेकॉर्ड."

आमच्या ह्यांना लगेच खालचे शेजारी आठवले. मी म्हटलं, गप्प बसा हो.

"तांडेल गेला दर्यापार..." दादाने ओळ टाकली आणि ईराकडे हात केला. झील तिने धरायची होती, "ये रं माघारी".

ती लाजली. "मामा, माय मराठी इज सो बॅड. मी नंतर अ‍ॅड करते, एडिटमध्ये."

"बरं. मी जागा सोडून ठेवतो."

आणि खरंच, प्रत्येक ओळीनंतर तो थांबला. नुसत्या चाव्या वाजत राहिल्या.

मग तिची एक्झाम आली, मग प्रोजेक्ट. राहून गेलं.

यंदा गणपतीची रजा मंजूर झाली होती हो त्याची. ईरालाही नेणार होता, झील धरायला.

आज गाडीत ईराने फोन जोडला.

दादाचा आवाज.

मग ती मोकळी जागा. चाव्या.

बंद कर म्हणणार होते. ऐकवत नव्हतं.

दुसऱ्या ओळीनंतर मागच्या सीटवरून आवाज आला. बारीक, फाटलेला, उच्चार जरा इंग्लिश.

"ये रं माघारी."

पुढच्या ओळीला तिचे बाबाही. मग मीही, रडत रडत.

दादा, तू येणार नाहीस, कळतंय मला. पण तुझ्या भाचीने मग शेवटपर्यंत एकही जागा रिकामी सोडली नाही.

जा दादा, नीट जा. झील आम्ही धरलीय.