खाटेपाशी थांबणारी गाडी

कंग्राळीत मारुतीरावांच्या घरी जाणाऱ्यानं पायाखाली बघून चालावं. स्वयंपाकघरातून निघालेले दोन इवलेसे रूळ उंबऱ्यातल्या भोकातून बाहेर पडतात, भिंतीच्या कडेकडेनं सोप्यात येतात आणि मालुबाईंच्या खाटेच्या पायांना वळसा घालून आल्या वाटेनं परत जातात. पाहुण्याचा पाय रुळाला लागला, की मारुतीराव चहाचं विचारायचंसुद्धा विसरतात.

नोकरीत ते टर्नर होते, बेळगावच्या एका कारखान्यात. लोखंड कातायच्या लेथवर हात असा, की साहेब लोक काम थांबवून बघत राहायचे. माणसांत मात्र त्यांचं कधी जमलं नाही. लग्नघरात सगळे गप्पा हाणत बसले, की हे आपले मांडवामागं, जनरेटर का खोकतोय ते बघायला.

मालुबाईंचं माहेर मिरजेपलीकडं, आरगला. तिकडं तेव्हा छोट्या लाईनीची गाडी जायची. जावईबापूंना सासुरवाडीपेक्षा त्या गाडीचंच कौतुक जास्त. पुढं ती बंद पडली, मोठी लाईन आली, आणि मारुतीरावांनी निवृत्त झाल्यावर छोटी गाडी स्वतःच्या घरात आणली. इंजिनाची चाकं पितळेची, स्वतः कातलेली. मोटर मोडक्या टेपरेकॉर्डरमधली. डबे पत्र्याचे. छोट्या लाईनीची गंमत अशी, की रूळ अगदी जवळजवळ आणि डबा त्यामानानं रुंद, त्यामुळं वळणावर कलंडायची खोड. म्हणून प्रत्येक डब्याच्या तळाला त्यांनी शिशाची पट्टी चिकटवली.

मालुबाई कामं आवरता आवरता शेरे मारायच्या. "आमच्या गाडीच्या खिडक्यास्नी लाकडाच्या झडपा हुत्या. ह्ये काय, कोंबड्यांचं खुराडं?" मारुतीराव कुरकुरले, मग आइस्क्रीमच्या काड्या तासून त्यांनी खिडकी-खिडकीला झडपा बसवल्या. कौतुक मागायला गेले नाहीत आणि मालुबाईंनीही आपण होऊन केलं नाही. असा संसार.

मग मालुबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि त्या सोप्यातल्या खाटेवर पडून राहिल्या. रूळ खाटेपर्यंत गेले ते तेव्हा. सकाळी उघड्या डब्यातून निपाणीच्या तंबाखूची मिश्री जायची, दुपारी गोळ्या, मधेच एखादी खारीक. डबा रिकामा न येता आत पदराच्या गाठीतली सुपारी आली, की समजायचं, बाई खुशीत आहेत. गाव हसायचं. "बायकोपाशी जायला माणसाला रेल्वे लागती व्हय रं?" म्हणून गुंडू पाटील तर चावडीत टाळ्या घेऊन आला होता.

त्या गाडीला एकच दुखणं होतं. मालुबाई चालत्या हातानं केस विंचरायच्या आणि गळालेले केस खाली टाकायच्या. ते चाकांमधल्या आसाला गुंडाळायचे, इंजिन जड व्हायचं आणि खाटेच्या वळणावर येऊन नेमकं थांबायचं. मग मारुतीराव चिमटा आणि तेलाची कुपी घेऊन खाटेपाशी फतकल मारून बसणार, इंजिन उलटं करून केस ओढून काढणार आणि तोंडानं चालूच.

"किती येळा सांगायचं गं? केस रुळावर टाकू नगंस."

"टाकणार," मालुबाई म्हणायच्या. "इंजिन बंद पडल्याबिगर तुमी हितं बसतासा व्हय?"

मारुतीरावांना ही थट्टा वाटायची.

गेल्या दिवाळीआधी मालुबाई गेल्या. दिवसकार्य उरकून लेक नीलम पुण्याला परतली, आणि घरात आवाज राहिला तो एका फ्रीजचा. मारुतीराव गाडी मात्र रोज चालवायचे. इंजिन नुसतं ठेवलं, तर तेल चिकटून घट्ट होतं, असं ते विचारणाऱ्याला सांगायचे. खरं म्हणजे विचारणारंही कुणी नव्हतं.

एक दिवस गाडी खाटेच्या वळणावर कण्हली आणि थांबली. मारुतीरावांनी सवयीनं चिमटा आणला, खाली बसले, इंजिन उलटं केलं. आसाला एक लांब पांढरा केस गुंडाळला होता. कुठल्या फटीत राहिला होता आणि कुठून रुळावर आला, देव जाणे. त्यांनी चिमटा जवळ नेला, पण हात पुढं जाईना. घरातली तिची लुगडी पाहुण्यांनी वाटून नेली होती, अंथरूण नदीला सोडलं होतं. तिच्या अंगाचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं. त्यांनी इंजिन होतं तसं रुळावर ठेवलं.

तेव्हापासून रोज सकाळी गाडी निघायची, खाटेपाशी अडायची आणि मारुतीराव तिथं जाऊन बसायचे. दुरुस्ती काही करायची नाही. रिकाम्या खाटेकडं बघून गावातल्या चार गोष्टी बोलायचे, मग इंजिनाला बोटानं ढकलून पुढं काढायचे. आसावरचा तो केस एक दिवस मोटर जाळणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी त्यांनी तो तसाच राहू दिला.

उन्हाळ्यात नीलम चार दिवस राहायला आली. बाप किती वाळलाय ते तिला आल्या आल्याच दिसलं. रविवारी मारुतीराव तिच्यासाठी मटण आणायला गेले आणि पिशवी घेऊन परत आले, तर पोरगी दारातच उभी, हात तेलानं काळे.

"आप्पा, हिकडं या. बगा तरी."

तिनं बटण दाबलं. गाडी उंबऱ्यातून बाहेर आली, सोप्यातून सरळ पळाली आणि खाटेला वळसा घालून अजिबात न अडखळता परत गेली.

"कधीपास्नं अडकत हुती, तुमी काढलंच न्हाई. समद्या आसांवर ही घाण! पेट्रोलनं पुसून काढली, शिवणमशिनीचं तेल घातलं. ल्हानपणी तुमीच शिकिवलंसा न्हवं?"

पिशवी मारुतीरावांच्या हातातच राहिली.

"घाण कुठं टाकलीस गं?"

"कचऱ्याची गाडी आलती, तिच्यात टाकली. का वो?"

मारुतीराव दारापर्यंत गेले. रस्ता मोकळा होता. कचऱ्याची गाडी वळून कधीच पुढं गेली होती. ते मागं फिरले. लेक तोंडाकडं बघत होती, शाबासकीची वाट बघत. लहान असताना बघायची तशीच.

"न्हाई, काय न्हाई," ते म्हणाले. "लई ब्येस केलंस बाई. हात धू, मटण घाल शिजाया."

तिला त्यांनी कधीच सांगितलं नाही. सांगून काय, पोरीला जन्मभराचा घोर.

नीलम गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी सोडली. वळणावर गाडी अडली नाही. पुन्हा फेरी आली, पुन्हा निघून गेली. मारुतीरावांच्या स्वतःच्या डोक्यावर बोटभर केस, ते कशालाच गुंतायचे नाहीत. खाटेखाली हात घालून त्यांनी फरशीच्या फटी चाचपल्या. नीलमनं तिथंही स्वच्छ झाडलं होतं.

ते उठून स्वयंपाकघराकडं निघाले, आणि मधेच थांबले. "इंजिन बंद पडल्याबिगर तुमी हितं बसतासा व्हय?" ती थट्टा नव्हती. पडल्या पडल्या ती बोलावत होती, आणि ते इतकी वर्षं इंजिन दुरुस्त करून उठून जात होते.

मारुतीराव मागं वळले. चिमटा नाही, तेल नाही, रिकाम्या हातांनी ते खाटेपाशी खाली बसले. गाडी जात होती, येत होती. इंजिन अगदी ठणठणीत होतं, आणि तरी ते बसले होते. ते बघायला मालुबाई तेवढ्या नव्हत्या.