‘असू दे’ कुणाला म्हणायचं

लतिका सबनीस नवऱ्याच्या नोकरीमागून नेदरलँड्समध्ये युट्रेख्टला आली आणि तिची पहिली काही वर्षं लोकांना ‘असू दे’ म्हणण्यातच गेली. रांगेत कुणी पुढे घुसलं, असू दे. शेजारणीच्या सायकलने कुंडी फोडली, असू दे. डचमध्ये त्यालाच ‘खेफ्त नीत’ म्हणतात हे कळलं, तेव्हा तिला परक्या गावात माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

पुढे तिने ब्लाऊज शिवायला घेतले. रॉटरडॅमपासून मास्ट्रिख्टपर्यंत बायकांची मापं घ्यायला जाता यावं म्हणून स्वतःच्या कमाईतून नवीकोरी गाडी घेतली. आता ती विकून व्हॅन घ्यायची होती, आत आरसा आणि पडदा लावून फिरती ट्रायल रूम करायची होती. व्हॅन पसंतही केली होती. गाडीला बरी किंमत येणार, या एका गोष्टीवर सगळं बेतलेलं होतं.

आणि सिग्नलला उभी असताना मागून एका मुलीने ठोकली. डिकी पार आत गेली. मुलगी उतरली ती हुंदके देतच. लतिकाने काय करावं? तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “असू दे गं. खेफ्त नीत, खेफ्त नीत.”

मुलीच्या विमा कंपनीने दुरुस्तीचा खर्च दिला आणि गाडी चकचकीत होऊन आली. पण डीलरने मागची बाजू न्याहाळली, मान हलवली आणि भाव पाडला. ठोकलेली गाडी ती ठोकलेलीच, म्हणाला. रफू कितीही बेमालूम असो, त्या पैठणीला कोरीचा भाव कोण देतं? लतिकाला हे कुणी शिकवायला नको होतं. हा तोटाही तुम्हीच भरा, असं तिने कंपनीला ठणकावून कळवलं.

“अगं, रिपेअरिंग दिलंय ना त्यांनी?” तिचा नवरा यशोधन म्हणाला. “जाऊ दे ना आता. कशाला डोक्याला ताप?”

“तुझं प्रमोशन कापलं असतं तर म्हणाला असतास जाऊ दे?”

यशोधन कांदा चिरायला निघून गेला. तेवढं शहाणपण त्याच्याकडे आहे.

कंपनीचा माणूस घरी आला. गोड हसला, फाइल उघडली आणि म्हणाला, “अपघातानंतर तुम्हीच आमच्या ग्राहकाला ‘खेफ्त नीत’ म्हणालात. म्हणजे तुम्हाला तेव्हा नुकसान फारसं वाटलं नव्हतं.”

मऊ लागलं की कोपराने खणायचं, ते हे असं! लतिकाची कानशिलं तापली.

“ते मी तिच्या रडण्याला म्हणाले, गाडीला नाही,” ती तिच्या कामचलाऊ डचमध्ये म्हणाली. “तिच्यावर माझा आजही राग नाही. पण माझ्या गाडीची पडलेली किंमत मला हवी.”

“निम्मी देऊ शकतो.”

“गाडी काय निम्मी ठोकली होती?”

माणूस गडबडला. फाइल ओढायला गेला आणि कोपर लागून चहाचा कप आडवा झाला. लतिकाने स्वतः भरतकाम केलेल्या टेबलक्लॉथवर चहा पसरत गेला. तो लाल होऊन माफी मागू लागला.

“खेफ्त नीत,” लतिका म्हणाली, आणि त्याच्या फाइलवर बोट ठेवलं. “लिहून घ्या. हे चहाबद्दल आहे.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग पेन काढलं आणि डीलरने किंमत नेमकी किती पाडली ते विचारलं.

व्हॅन आता दारात उभी असते. मित्रमंडळींत यशोधन ऐटीत सांगतो, “आम्ही सोडलं नाही त्यांना.” त्या ‘आम्ही’वर लतिका फक्त हसते आणि म्हणते, असू दे.