तापात मुरलेला बोल्ट

रेवदंड्यात अंबाजीच्या कानाची ख्याती होती, आणि ती बरीचशी त्याने स्वतःच पसरवली होती. लोखंड दगडावर आपटून, नुसत्या आवाजावरून ते टिकेल की तुटेल हे तो सांगायचा. ऐकणाऱ्याने मान डोलावली नाही तर पुन्हा आपटायचा. हे वेड त्याच्या बापाचं. कोंडाजी लाकडी होड्या बांधायचा. एखादी होडी मोडीत निघाली की तिचे खिळे उपटून, राखेने घासून डब्यात ठेवायचा, दगडावर वाजवून पारखायचा आणि नव्या होडीत तेच ठोकायचा. त्याचं म्हणणं असं, की नव्या खिळ्याचा काय भरवसा, जुन्याने दर्या पाहिलाय. भाऊभाऊ बापाच्या जमिनीसाठी डोकी फोडतात. अंबाजीने वारसा म्हणून एवढी एक समजूत घेतली आणि ती जिवापाड जपली.

होड्या फायबरच्या झाल्या तेव्हा तो अलिबागपलीकडच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागला आणि हळूहळू तिथल्या वीजघराचा फिटर झाला. कामाला वाघ होता. पान्हा हातात आला की त्याला तंबाखूचीही आठवण होत नसे. थोरली बहीण मनुबाई ऐन उमेदीत विधवा झालेली. तिचा एकुलता एक दीपेश अंगापिंडाने भरला तसा अंबाजीने त्यालाही तिथेच चिकटवला. माझ्या नजरेसमोर राहील, काळजी करू नको, असं त्याने बहिणीला सांगितलं होतं. दीपेश तिशीला टेकला तरी मामाच्या शब्दाबाहेर नव्हता. मामाने भरदुपारी चांदणं पडलंय म्हटलं असतं, तर त्याने वर बघून हो म्हटलं असतं.

वर्षातून एकदा वीजघर बंद करून यंत्रं उघडायची. त्या वर्षी टर्बाइनला वाफ सोडणाऱ्या मोठ्या व्हॉल्व्हचं झाकण काढलं. ते मनगटाएवढ्या बोल्टांनी आवळलेलं असतं. तिथल्या इंजिनिअर सोनल मॅडमनी बजावून ठेवलं होतं, की जुने बोल्ट झाडून सगळे भंगारात टाका, नवा संच आला आहे. दीपेश तो संच घेऊन आला. अंबाजीने एक नवा बोल्ट उचलला, एक जुना उचलला, आणि सवयीने दोन्ही फरशीवर आपटले. जुना खणखणीत वाजला. नव्याचा आवाज त्याला बद्द वाटला. नव्याला जाड ग्रीस फासलेलं होतं, त्यामुळेही तसं असेल, पण आपल्या कानावर शंका घ्यायची त्याला सवय नव्हती.

"मामा, म्याडम नवीन लावा बोलली," दीपेश म्हणाला.

"ती काल आली. ह्यो इतकी वर्सं वाफेत शेकलाय, काय झालं न्हाय त्याला. जुनाच बरा. ज्यांचं आटं झिजलेत तेवढेच बदल."

दीपेशने तसंच केलं. चार-दोन नवे लागले, बाकीचे जुने रॉकेलने धुऊन आपापल्या भोकात परत गेले. अंबाजीने ते अंग मोडून आवळले. सोनल मॅडम दुसऱ्या यंत्रावर अडकल्या होत्या. बोल्ट झाले का, असं त्यांनी जाता जाता विचारलं आणि अंबाजीने झाले म्हणून सांगितलं. आपण खोटं बोललो असं त्याला वाटलंही नाही. आपण काम उलट जास्त पक्कं केलं, अशाच समाधानात तो घरी गेला.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी त्या झाकणाशी फुसफुस ऐकू येऊ लागली. बाकीचे मागे सरले, दीपेश बघायला पुढे गेला. अंबाजी पलीकडे डबा उघडून बसला होता. त्याने आधी एक टणत्कार ऐकला, मग लागोपाठ दुसरा, आणि मग नुसती गर्जना. इतक्या तापाची वाफ डोळ्यांना दिसत नाही. दिसला तो दीपेश, आणि ते दिसणं अंबाजीच्या डोळ्यांपुढून पुढे कधी गेलं नाही. मुंबईला न्यायचं म्हणून त्याला मांडव्याच्या जेट्टीवर आणलं, तोवर श्वास होता.

चौकशीत अंबाजीने काही लपवलं नाही. सोनल मॅडमनी तुटके तुकडे टेबलावर मांडले आणि न रागावता समजावलं. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. बाजेचा सुंभ रोजच्या वजनाने सैल पडतो, तसं एवढ्या तापात वर्षानुवर्षं ताणून धरलेलं पोलादही कणाकणाने लांबतं आणि पकड सोडतं. पुन्हा आवळावं, तर दर वेळी त्याचं थोडं आयुष्य खर्ची पडतं. आतून ते ठिसूळ होत जातं, आट्यांच्या खाचेत केसासारखी चीर पडते. एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यावर येतो. वरून काहीच कळत नाही, आणि आवाजावर तर मुळीच विसंबता येत नाही. अंबाजी खाली मान घालून ऐकत होता. दर्या खिळ्याला गंजवतो आणि गंज दिसतो, एवढाच फरक बापाने सांगितला नव्हता. बापाला तो सांगायची वेळच आली नव्हती.

नोकरी गेली, त्याचं त्याला काही वाटलं नाही. दीपेशचं बारावं झाल्यावर तो मनुबाईकडे गेला. ती अंगणात बोंबील वाळत घालत होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: नवे बोल्ट आले होते, ते मी लावू दिले नाहीत. वाटेत त्याने ठरवलं होतं, की ती शिव्या देवो, तोंडावर थुंको, आपण हूं की चूं करायचं नाही.

मनुबाईचा हात थांबला.

"दीपेशला ठाव व्हतं, जुनं हायत म्हनून?"

"व्हय, बाय. मीच बोललो त्याला, जुनाच बरा."

तिने हातातला बोंबील वाळत टाकला.

"मंग तितं जाताना त्याला भ्याव वाटलं नसंल," ती म्हणाली. "मामानं लावलेलं म्हनून."

त्यात टोमणा नव्हता. इतक्या दिवसांत तिला तेवढाच एक आधार सापडला होता. तिने पदराने डोळे पुसले, भावाला बस म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.