दोराला लागलेले हात

बँकेच्या काचेच्या दारावर इंग्रजीत ‘पुल’ असं लिहिलेलं असतं. मी गेवराईच्या शाळेत कित्येक वर्षं इंग्रजी शिकवतोय, त्यामुळे त्याचा अर्थ ‘ओढा’ असा होतो हे मला कुणी सांगायची गरज नाही. तरीही मी ते दार आधी ढकलून बघतो. पट्टी चिकटवणाऱ्यानं ती चुकीच्या बाजूला चिकटवली असेल, अशी शंका मला दर वेळी येते. बायको मागून म्हणते, “अहो, लिहिलंय ना त्याच्यावर.” लिहिलंय ते मलाही दिसतं, पण लिहिणारा कोण होता ते कुठं दिसतं?

वर्गात हा शब्द शिकवायला मला आवडतो. एवढासा आहे, पण कुठंही जुंपता येतो. बैल गाडी ओढतो, डॉक्टर दात उपटतो, आडातून पाणी शेंदतात, चुलत्याचा हात धरून पोरं त्याला जत्रेकडे खेचतात, सैन्यभरतीची तयारी करणारे आडव्या दांडीला लटकून स्वतःलाच वर घेतात. आपल्याकडे प्रत्येक कामाला वेगळा शब्द, इंग्रजांनी सगळीकडे एकच चालवला. शेवटी कुणाचा तरी पाय ओढणं येतं. इंग्रजीत त्याचा अर्थ थट्टा करणं, असं मी फळ्यावर लिहितो. पोरं वहीत उतरवून घेतात आणि एकमेकांकडे बघून हसतात, कारण आपल्याकडे पाय ओढणं कशाला म्हणतात ते त्यांना घरूनच ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. तलवाड्याला, म्हणजे आमच्या गावी, शेताच्या बांधापलीकडे ते रोज दिसतं, असं मी या उन्हाळ्यापर्यंत धरून चाललो होतो.

बांधापलीकडे माझा चुलत भाऊ. माझ्याहून थोडा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. आमच्या वडिलांची वाटणी झाली तेव्हा मधला बांध सरळ होता. आता तो आमच्या बाजूला जरा वळलाय, की मलाच तसा दिसतो, हे मी अजून मोजून पाहिलेलं नाही. मोजलं आणि सरळ निघाला तर काय, अशीही एक भीती असते. दादाचा बोअर आधीपासूनचा. मी नोकरी लागल्यावर आमचा घेतला, त्याला चांगलं पाणी लागलं, आणि पुढच्याच उन्हाळ्यात दादाचा आटला. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे की नाही, ते जमिनीच्या पोटात जाऊन कुणी बघितलेलं नाही. दादा त्यावर एक शब्द बोलला नाही. गावातल्या बुद्धविहारासमोर भेटला तरी मान हलवायचा आणि पुढं जायचा. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तो गप्प राहिला आणि त्याच्या मनात काय काय चाललं असेल ते सगळं मीच रचत बसलो.

अशात ऐन उन्हाळ्यात आमची बोअरमधली मोटार बंद पडली. मोसंबीला लिंबाएवढी फळं धरलेली. त्या बागेला या बोअरशिवाय दुसरं पाणी नाही. पाणी तुटलं की आधी फळं गळतात, आणि तरीही मिळालं नाही तर झाडं जातात.

त्या दिवशी चहाच्या हॉटेलात मी बोलून गेलो, “बोअरमध्ये कुणीतरी दगड टाकला असणार.” नाव घेतलं नाही. आमच्या भागात भाऊबंदकीत असले उद्योग होतात. मुठीएवढा दगड तोंडातून सोडला की तो मोटारीवर जाऊन बसतो, आणि वर काढताना मोटार भिंतीत पक्की अडकते. ना आवाज, ना साक्षीदार. आमच्या बोअरच्या तोंडाला तर फक्त गोणपाट बांधलेलं होतं. हॉटेलातले सगळे चहा पीत राहिले आणि कुणीही “कुणी?” असं विचारलं नाही.

रविवारी मोटारीचा मिस्त्री त्याची दोन माणसं घेऊन आला. काळा पाईप, वायर आणि दोर हे सगळं एकदम धरायचं आणि ओढत ओढत शेतात लांब न्यायचं, अशी मोटार काढायची रीत. पहिल्यांदा भराभर वर आलं. निम्म्याहून जास्त पाईप झाडांच्या ओळीतून आडवा पडला आणि एकाएकी दोर ताठ झाला. मिस्त्रीनं पाय रोवून पाहिले, पण पाईप हलेना.

“अडकली,” तो म्हणाला.

मी बायकोकडे बघितलं. बघ, म्हटलं होतं ना, असं मला नजरेनं सांगायचं होतं. तिनं नजर दुसरीकडे वळवली.

“सगळ्यांनी मिळून जोर लावला तर?” मी विचारलं.

“दोर तुटंल, सर. मोटार खाली गेली का मंग बोअरच गेला म्हणून समजा.”

दुसरा बोअर घ्यावा म्हटलं तरी त्याला पाणी लागेल याचा काय भरवसा. दादाचा कोरडा बोअर तिथून दिसत होता. आणि त्याच बाजूनं, बांध ओलांडून, दादा आमच्याकडे येत होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. आला, अडकलेल्या दोराकडे बघितलं, आणि माझ्या मागं येऊन त्यानं दोर धरला.

“सरक जरा म्होरं, मास्तर.”

मला काय वाटलं ते सांगतो. हा बघायला आलाय, असं वाटलं. आपण टाकलेला दगड नीट बसलाय की नाही ते.

मिस्त्री ओरडायचा, “हां, वढा,” आणि आम्ही ओढायचो. रांगेत ओढण्याची एक भानगड असते. कोण किती ओढतोय ते कुणालाच कळत नाही. हात सगळ्यांचे दोराला असतात, चेहरे सगळ्यांचे लाल होतात. मागचा माणूस नुसता धरून उभा राहिला तरी पुढच्याला पत्ता लागत नाही. दोनदा ओढून काही झालं नाही, तेव्हा मी हाताला दोर काचला असं निमित्त काढलं, रांगेतून बाहेर आलो आणि दादाच्या मागं जाऊन उभा राहिलो. आता मला त्याची पाठ दिसत होती. बनियन घामानं चिकटलेलं होतं. पण ऊन असं होतं की नुसत्या उभ्या माणसालाही घाम फुटला असता, तेव्हा त्यावरून काही ठरवता येत नव्हतं.

मिस्त्री म्हणाला, “ट्रॅक्टर लावून बघू का?”

“ट्रॅक्टर कशाला?” दादा म्हणाला. “ट्रॅक्टरला कुठं थांबायचं त्ये कळत न्हाई. आदी खाली सोडा. सोडून पाईप फिरवा, मंग वढा.”

माझ्या डोक्यात धोक्याची घंटा वाजली. निम्म्याहून जास्त वर आलेली मोटार हा खाली सोडायला सांगतोय. मी मिस्त्रीला बाजूला घेऊन हळूच म्हणालो, “त्याचं ऐकू नका. त्याला काय, तुटलं तर आमचं तुटेल.”

मिस्त्रीनं माझ्याकडे जरा चमकून बघितलं. “बराबर सांगायलेत त्ये. जरा सोडल्याबिगर अडकल्यालं सुटत न्हाई, सर. मी बी त्येच म्हणणार व्हतो.”

मला हे दोघंही मिळालेले वाटले. पण बोअरच्या तोंडाशी माझं कोण ऐकणार. पाईप खाली सोडला, दोन माणसांनी तो मिठी मारून फिरवला, परत ओढला. परत सोडला. दादा आता रांगेत सगळ्यात पुढं, अगदी तोंडाशी गेला होता आणि दोराला कान लावल्यासारखा वाकून उभा होता. “अजून थोडा सोड,” तो म्हणायचा. “आता फिरव. आता वढ.” चौथ्या की पाचव्या खेपेला आतून काहीतरी खरवडल्याचा आवाज आला आणि दोर एकदम सैल पडला. आम्ही मागं कोलमडलो. मला वाटलं तुटला. पण दादाच्या हातात वजन होतं. तो एकटाच अजून तोलून धरून उभा होता. त्याच्या दोन्ही दंडांच्या शिरा तटतटून फुगलेल्या मला तेव्हा दिसल्या.

“धरा की बे, सोडलं का सगळ्यांनी?” तो म्हणाला.

आम्ही धावत जाऊन दोर धरला. मोटार वर आली. मातीनं माखलेली, पण अखंड. मी सगळ्यांच्या आधी तिच्याजवळ बसलो. जळली की नाही ते बघायचं सोडून मी तिच्या डोक्यावरची माती बोटांनी उकरायला लागलो. पाईपाच्या जोडामागे बोट घातलं. मोटार पालथी करून खालूनही बघितली. वायर बांधायची पट्टी एके ठिकाणी सुटली होती, तिथं वायरीचा फुगवटा होऊन तो जोडाभोवती गच्च बसला होता. एवढंच होतं. दुसरं काही नव्हतं.

दादा टॉवेलनं हात पुसत माझ्या डोक्याशी उभा होता.

“घावला का?”

“काय?”

“दगड.”

मिस्त्रीची माणसं पाईप गुंडाळायला लागली. बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तशीच थांबली. मला वर बघवेना.

“हाटेलातलं मला त्याच दिशी कळलंतं,” दादा म्हणाला. “लोखंडी टोपण बसवून घे. कुलूप लाव. म्हंजी फुडल्या बारीला माझ्याकडं बघायचं काम पडणार न्हाई.”

बायकोच्या हातून तो पाणी प्यायला आणि बांध ओलांडून गेला.

मोटार दुरुस्त होऊन आली. बाग वाचली. मी टोपण बसवून घेतलं, आणि टोपणाला आणि मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला एकाच किल्लीची दोन कुलपं लावली. दोन किल्ल्या मिळाल्या. माझी मलाच इतकी लाज वाटत होती की त्यातली एक घेऊन मी दादाच्या गोठ्याकडे गेलो. तो म्हशीपुढं कोरडा चारा टाकत होता. पाण्याचा हौद रिकामा होता.

“दादा, ही ठेव तुझ्याकडे. पाणी लागेल तेव्हा मोटार चालू कर. विचारायची गरज नाही.”

त्यानं किल्लीकडे बघितलं. हात पुढं केला नाही.

“तुझ्यापशीच राहू दे, मास्तर. हरवली तं पुन्ना माझंच नाव निघंल.”

मी किल्ली खिशात घालून परत फिरलो. जाताना त्या रिकाम्या हौदाकडे बघायचं मी टाळलं, हे खरं आहे. आणि बांध ओलांडायच्या आत, याला किल्ली का नको असेल, असा विचार माझ्या मनात सुरू झाला होता, हेही तितकंच खरं आहे.