पूजेतली गाडी

२००६ साली मी गाडी घेतली. पांढरी, एका डॉक्टरने वापरून कंटाळून विकलेली. कुडाळच्या ऑफिसला जायला एसटी होती, पण एसटीने जाणारा माणूस तेव्हा मालवणात हळूहळू बिचारा ठरायला लागला होता, आणि मला बिचारं ठरायचं नव्हतं.

आमची आळी बाजाराच्या मागे, पुढे दगडी गडग्याशी संपणारी. एक गाडी उभी राहिली की शेजारून सायकल जाईल एवढीच जागा. बाकीच्यांनी आपापल्या गाड्या अंगणात घातल्या होत्या. आमच्या अंगणात बाबांचं सुतारकाम, फळ्या आणि भुसा, म्हणून माझी गाडी रस्त्यावर. कुणाला जायचं असलं की हाक मारायचे आणि मी चावी घेऊन धावायचो. लोक तोंडावर काही बोलत नसत.

शेवटच्या घरात टीचर राहायच्या. मराठी शाळेत मला चौथीपर्यंत शिकवलेल्या ख्रिश्चन बाई, भाऊ गोव्यात, इथे एकट्या. नोकरीभर सायकलवरून शाळेत गेल्या, निवृत्तीनंतर दम्याने त्यांना घरात बसवलं. सुट्टीच्या दिवसांत पर्यटकांच्या गाड्या बाजारातल्या गर्दीला वैतागून आळीत शिरायच्या आणि पुढे वाट नाही कळल्यावर टीचरच्या खिडकीखाली मागेपुढे करत धूर सोडत राहायच्या. त्यांना मी मोठ्याने शिव्या घालायचो. पण सकाळी माझी गाडी तापायला पाच-दहा मिनिटं सुरू ठेवून मी आत चहा पीत असे, तो धूरही तिकडेच जायचा. एकदा टीचर म्हणाल्या, "जमलां तर लवकर बंद कर रे बाबा." मी आठवडाभर केली, मग विसरलो. विसरलो म्हणणंही खोटंच आहे, कंटाळलो.

त्या वर्षी खंडेनवमीला गाडीची पहिली पूजा. आमच्याकडे हा दिवस कडक पाळतात. बाबांचा रंधा, करवत, वाकस आणि त्यांची जुनी सायकल सगळं पाटाशेजारी मांडलं जायचं, आणि दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्यातलं काही हलवायचं नाही. त्या दिवशी बाबा भिंतीत साधा खिळाही ठोकत नसत. मी गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि चावी देवासमोर ताटात ठेवली. आईने बजावलं, "उद्या सोना वाटून झाल्याशिवाय चावयेक हात लावू नको."

दुपारी टीचरकडे काम करणारी बाई धावत आली. टीचरना धाप लागली होती आणि पंपानेही उतरत नव्हती. मी जाऊन पाहिलं. त्या पलंगावर दोन्ही हात टेकून बसल्या होत्या, ओठ काळसर झाले होते, बोलता येत नव्हतं. आता चावी घ्यायची, गाडी काढायची आणि दवाखाना गाठायचा, एवढंच करायचं होतं. मी म्हटलं, "रिक्षा घेऊन येतो," आणि पळालो.

नाक्यावर एक रिक्षावाला तयार झाला. आळीत आलो आणि माझ्याच गाडीशी थांबलो. तो म्हणाला, "गाडी काढ मां. रिक्षा जातली खंयसून?" मी गाडीकडे बघितलं, दारात उभ्या आईकडे बघितलं. आई काही बोलली नाही. बोलली असती तर तिच्यावर ढकलता आलं असतं. मला गाडीची पहिलीच पूजा मोडायची नव्हती, पुढे काही अपघात-बिपघात झाला तर काय, असलं काहीतरी डोक्यात घोळत होतं. तिकडे एक म्हातारी श्वासासाठी तडफडत होती आणि मी हे ठरवत उभा होतो.

तेवढ्यात बाबा घरातून सायकल घेऊन बाहेर आले. हँडलची माळ त्यांनी काढून पायरीवर ठेवली आणि सायकल टीचरच्या दाराशी नेली. टीचरना मी आणि कामवाल्या बाईने धरून बाहेर आणलं. बाबा म्हणाले, "टीचर, कॅरिअरवर बसा, माका घट धरा," आणि मला, "तू मागसून धर." बाबा सायकल ढकलत होते, टीचरचं डोकं त्यांच्या पाठीवर टेकलं होतं, आणि मी मागून त्यांना सावरत होतो. माझ्या गाडीशेजारून जाताना सायकल तिरकी करावी लागली. टीचरचा पदर गाडीच्या आरशाला अडकला, तो मीच सोडवला. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर लाजेआधी बाबांचा राग आला.

पलीकडे थांबलेल्या रिक्षात बसवून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. टीचर वाचल्या. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर बाबांना म्हणाले. बाबांनी ते मला सांगितलं आणि पुढे कधीच विषय काढला नाही. संध्याकाळी ते पुन्हा पूजेसमोर बसले, सायकल मात्र अंगणातच राहिली.

आठ दिवसांनी टीचर घरी आल्या. मी भेटायला गेलो, आत जायचं धाडस होत नव्हतं म्हणून दारातच उभा राहिलो. त्यांनी खूण करून बोलावलं, खुर्चीवर बसवलं. आवाज अजून खोल गेलेला होता.

"माज्यापायी तुझ्या गाडयेची पूजा मोडाक नाय मां रे?"

त्यात टोमणा असता तर मी सोसला असता. त्या खरंच काळजीने विचारत होत्या.

"नाय, टीचर," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.